जिवंत तार आणि चिनीमातीची माळ

सुरत-नागपूर रस्त्याने धुळे सोडून पारोळे, एरंडोल, जळगाव अशी मजल करीत भुसावळकडे जाणाऱ्या प्रवाशास कपाशीच्या शेतांतून व केळीच्या बागांवरून गेलेले पोलादी मनोरे ठिकठिकाणी आढळतात. मनोऱ्याच्या दोहोंकडे पसरलेल्या हातांना तपकिरी थाळ्यांच्या माळा लोंबत असतात आणि प्रत्येक माळेच्या खालच्या टोकाला तार धरलेली असते. प्रवाशाची दृष्टी गेलीच तर तारेवर जाते. माळेकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक त्या मनोऱ्यावर सर्वांत अवघड काम ह्या माळेकडेच आहे. एकीकडे तारेचे ओझे तोलून धरावयाचे आणि दुसरीकडे तारेतील वीज मनोऱ्याच्या पोलादात, म्हणजे पर्यायाने जमिनीत, उतरू द्यावयाची नाही, अशी दोन परस्परविरुद्ध कामे तिला अहोरात्र करावी लागतात. ह्या माळेस इंग्रजीत इन्सुलेटर म्हणतात व आपल्याकडील कामगारांतही तोच शब्द रूढ आहे. थाळीला ते डिस्क म्हणतात.

ही माळ फुटली, तडकली, निकामी झाली तर ती बदलावी लागते. ती बदलण्याचा सरळ मार्ग म्हणजे तारेतील वीज बंद करणे. परंतु गेल्या शंभर वर्षांत माणसाने दुसराही एक मार्ग शोधून काढला : तार जिवंत असताना, तिच्यातून लाखो व्होल्ट दाबाची वीज वाहत असताना, ती माळ उतरवून नवी चढविण्याचा. ऐकणाऱ्यास हे साहस वाटते. प्रत्यक्षात ह्या विद्येचा इतिहास साहसाचा नसून साहसावर घातलेल्या बंधनांचा आहे.

आरंभी तारा ठेवल्या जात त्या खांबावरील खुंटीवर बसविलेल्या चिनीमातीच्या टोपीवर. तारायंत्राच्या खांबांवर अशाच टोप्या असत आणि गावातील अकरा हजार व्होल्टच्या खांबांवर त्या अजूनही दिसतात. पण विजेचा दाब जसजसा वाढू लागला, तसतशी ही टोपी इतकी मोठी व जड करावी लागे, की साठ-सत्तर हजार व्होल्टच्या पुढे तिचा उपाय चालेना. १९०७ साली हेवलेट आणि बक ह्या दोघा अमेरिकन अभियंत्यांनी टोपी खांबावर बसविण्याऐवजी थाळ्या एकीखाली एक टांगण्याची युक्ती काढली. दाब वाढला, तर माळेत आणखी काही थाळ्या ओवाव्या, इतके ते सोपे झाले. आपल्या प्रांतात टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईस सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने वीज आणली, ती ह्याच युगाची.

खानदेशात ही थोरली वीज पुष्कळ उशिरा आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि १९६८ मध्ये भुसावळजवळ, आज ज्यास दीपनगर म्हणतात तेथे, साडेबासष्ट मेगावॅटचा पहिला औष्णिक संच सुरू झाला. १९७९ व १९८२ मध्ये तेथे प्रत्येकी २१० मेगावॅटचे दोन संच आले व त्यानंतर ५०० मेगावॅटचे दोन. विदर्भातील कोराडी व चंद्रपूर येथील वीज पश्चिमेकडे नेणाऱ्या चार लाख व्होल्टच्या तारांनाही भुसावळजवळचे खडका उपकेंद्र हे वाटेवरचे मोठे ठाणे झाले. सरदार सरोवराच्या विजेतील महाराष्ट्राचा सत्तावीस टक्के वाटा धुळ्यास उतरतो. साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. आणि २०१४-१५ च्या सुमारास धुळ्याजवळ सात लाख पासष्ट हजार व्होल्टचे उपकेंद्र उभे राहून औरंगाबाद व बडोदे ही दोन शहरे त्याच्याशी जोडली गेली. पूर्वी खानदेश हा दक्षिण आणि हिंदुस्थान ह्यांच्या मधला नाका होता. तेथून फौजा जात, कापूस जाई. आता तेथून वीज जाते.

अशा मुलखात माळेच्या वाट्याला काय काय येते ते पाहण्यासारखे आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा सत्तेचाळीस अंशांच्या आसपास चढतो, आणि रात्री थाळी निवते. चिनीमाती, तिच्यावरची लोखंडी टोपी आणि दोहोंना सांधणारे सिमेंट ही तिन्ही उष्णतेने सारखी फुगत नाहीत. वर्षानुवर्षांच्या ह्या ओढाताणीत थाळीच्या पोटात केसासारखी चीर पडते. वळवाच्या पावसापूर्वी वादळे येतात, त्यांत केळीच्या बागा जशा आडव्या होतात तशीच मनोऱ्यांवर आकाशातील वीजही कोसळते. रस्त्यांची धूळ व गिरण्या-कारखान्यांची काजळी थाळ्यांवर बसते. कोरडी असेतो ती निरुपद्रवी, पण हिवाळ्याच्या पहाटे दव पडून ओली झाली, की तीच वीज वाहून नेऊ लागते आणि माळेवरून लखकन ज्वाला उडते. कावळे-घारींची घरटी व विष्ठा हा त्रास निराळाच. आणि गोफणीने माळेवर नेम धरणारी गुराखी पोरेही ह्या यादीतून वगळता येत नाहीत.

काचेची थाळी निकामी झाली, म्हणजे तिचा चुरा होऊन ती खाली पडते; पाहणारास जमिनीवरून कळते. चिनीमातीची थाळी मात्र वरून धडधाकट दिसत राहते आणि आतून मेलेली असते. चार लाख व्होल्टच्या तारेला साधारणपणे तेवीस थाळ्यांची माळ लागते. तार व जमीन ह्यांमधील दाब सुमारे दोन लाख एकतीस हजार व्होल्टचा. तो तेविसांत वाटला, तर प्रत्येकीच्या वाट्यास दहा हजार येतात. परंतु ही वाटणी समसमान होत नाही. तारेजवळच्या थाळीवर सर्वांत अधिक भार पडतो. त्यांतील काही थाळ्या मेल्या, की उरलेल्यांवर तो भार जातो आणि एखाद्या ओल्या पहाटे सारी माळच हार खाते.

मग तार बंद करून माळ का बदलू नये? कित्येकदा तसेच करतात. मनमाड-भुसावळ लोहमार्गावरील पंचवीस हजार व्होल्टच्या तारांची कामेही सामान्यतः वीजप्रवाह तेवढा वेळ थांबवूनच होतात. पण मोठी वाहिनी बंद करणे म्हणजे तिचे ओझे शेजारच्या वाहिनीवर टाकणे होय. जुलै २०१२ मध्ये ह्याचे प्रत्यंतर साऱ्या देशास आले. मध्य प्रदेशातील बीना आणि ग्वाल्हेर ह्यांमधील चार लाख व्होल्टच्या दोन वाहिन्यांपैकी एक कामासाठी बंद होती. ३० जुलैच्या रात्री दुसरीवर भार येऊन तीही तुटली आणि उत्तर हिंदुस्थान अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी उत्तरेबरोबर पूर्व व ईशान्य भागही गेले. साठ कोटींहून अधिक लोकांची वस्ती त्या क्षेत्रात होती. त्या अनर्थास एकच कारण नव्हते, हे खरे. परंतु एक वाहिनी बंद असणे ही गोष्ट किती महाग पडू शकते, हे त्यावरून दिसते. पश्चिमेचे जाळे, व त्याबरोबर महाराष्ट्र, त्या वेळी बचावला.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते अधिक विचार करण्याजोगे आहे. तार बंद केली म्हणजे काम निर्धोक झाले, हा समज फसवा आहे. ज्या वाहिनीची परवानगी घेतली तिच्याऐवजी भलत्याच वाहिनीवर मनुष्य चढतो; कोणी तरी दूरच्या टोकाला बटण दाबतो; एखाद्या कारखान्यातील जनित्राची वीज उलट दिशेने तारेत येते; एकाच मनोऱ्यावर दोन वाहिन्या असतील, तर चालू असलेली वाहिनी बंद असलेलीत आपोआप दाब उत्पन्न करते. म्हणून बंद तारेवर काम करावयाचे झाल्यास ती तपासून, कामाच्या दोन्ही बाजूंस जमिनीशी जोडून मगच तिला हात लावावा, असा दंडक आहे. हा दंडक ज्या ज्या ठिकाणी मोडला जातो, त्या त्या ठिकाणी लाईनमनचा बळी जाण्याचा प्रसंग उभा राहतो. मेली असे समजून ज्या तारेला हात लावावा, ती तार जिवंत निघते. जिवंत तारेवर काम करणाऱ्याची मात्र अशी फसगत होत नाही. कारण तार जिवंत आहे, ह्या गृहीतावरच त्याची प्रत्येक हालचाल बेतलेली असते.

ही विद्या जन्मास आली ती अमेरिकेत. इलिनॉय संस्थानातील टेलरव्हिल गावी १९१३ च्या सुमारास कामगारांनी लाकडी दांड्यांना पकडी बसवून घरगुती हत्यारे तयार केली. ती ओबडधोबड व जड होती. १९१८ मध्ये त्याच गावी अशा हत्यारांचा कारखानाही निघाला. लाकूड कोरडे असेतोवर विजेस अडवते. पण ते पाणी पिते, आणि ओल शिरलेले लाकूड केव्हा दगा देईल ह्याचा नेम नसतो. तरीही चाळीस-पंचेचाळीस वर्षे ह्या विद्येचा निर्वाह लाकडावरच झाला. १९५९ मध्ये काचेचे तंतू राळेत बसवून केलेल्या दांड्या बाजारात आल्या, तेव्हा कुठे काम करणाऱ्याला हाती धरलेल्या वस्तूचा पुरता भरवसा वाटू लागला. दोहोंतील अंतर कसोटीच्या आकड्यांवरूनच दिसते. अमेरिकन नियमाप्रमाणे लाकडी दांडीने फुटामागे पंचाहत्तर हजार व्होल्टचा दाब तीन मिनिटे सोसावा लागे. काचतंतूच्या दांडीला फुटामागे एक लाख व्होल्ट पाच मिनिटे सोसावे लागतात.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहावे. मनोऱ्यावर पाऊल ठेवण्यापूर्वी अर्धे काम झालेले असते. वाहिनीच्या दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांस, उदाहरणार्थ खडका आणि धुळे येथे, आगाऊ कळवावे लागते. एरवी वाहिनीत बिघाड होऊन ती तुटली, तर तेथील यंत्र सेकंदा-दीड सेकंदात ती आपोआप पुन्हा जोडते; काम चालू असेतोवर ही सोय बंद ठेवतात आणि वाहिनी तुटलीच, तर कामावरील प्रमुखास विचारल्याखेरीज ती जोडावयाची नाही, असा करार असतो. आकाशात ढगांचा गडगडाट, पाऊस, दाट धुके किंवा जोराचा वारा असल्यास काम होत नाही. दांड्या विशिष्ट कापडाने पुसून, एकेक पाहून, खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर मांडतात. जमिनीवर दांडी टेकविणे हा ह्या मंडळींत मोठा अपराध समजतात, आणि ते योग्यच आहे.

मग माळेची नाडी पाहतात. लांब दांडीच्या टोकाला धातूचे दोन काटे असतात. ते थाळीच्या दोन अंगांस टेकविले, की धडधाकट थाळी ठिणगीचा गुणगुणाट करते. मेलेली थाळी मुकी राहते. अशा मुक्या थाळ्या मोजतात; त्या ठरावीक संख्येहून अधिक निघाल्या तर तपासणी तेथेच थांबवितात, कारण आणखी एक थाळी काट्यांनी जोडली गेली, तर उरलेल्यांना दाब पेलणार नाही. ज्याने ही रीत प्रथम बसविली, त्याने कानावर विश्वास ठेवून डोळ्यांवर ठेवला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

त्यापुढील प्रश्न ओझ्याचा. चार लाख व्होल्टच्या वाहिनीत प्रत्येक माळेखाली बहुधा दोन तारा असतात. अशा एका तारेचे वजन मीटरला सुमारे दोन किलो. दोन मनोऱ्यांत चारशे मीटर अंतर धरले, तर माळेवर सोळाशे किलोंचा भार आला. हे ओझे आधी माळेवरून काढून काचतंतूच्या दांड्यांवर घ्यावे लागते. मनोऱ्याच्या हातावर खोगीर बसवून त्यातून दांड्या खाली सोडतात, त्यांच्या पकडींनी तार धरतात आणि वरच्या मळसूत्राने ती तसूतसूने उचलतात. माळ सैल झाली, म्हणजे एका थाळीची गोळीदार दांडी दुसरीच्या खोबणीतून निसटू नये म्हणून घातलेली कॉटर पिन लांबच्या आकड्याने ओढून काढतात. तारेकडचे टोक प्रथम सुटते. मग माळ तारेपासून दूर झुलवून दोरावरून खाली सोडतात आणि नवी माळ त्याच वाटेने वर जाते. पिन नीट बसली, हे पाहिल्यावरच मळसूत्र उलटे फिरवून ओझे नव्या माळेवर देतात. ह्यांत घाईचे एकही पाऊल नाही. प्रत्येक पावलास खालून प्रमुखाचा होकार लागतो; आणि वर असलेल्या कोणासही काही शंका आली, तर काम तेथेच थांबते.

सारे रहस्य अंतरात आहे. हवा स्वतःच उत्तम निरोधक होय. तारेपासून ठरलेल्या अंतराच्या आत शरीराचा कोणताही भाग जाता कामा नये, एवढे पाळले की हवा रक्षण करते. अमेरिकेच्या १९७२ च्या नियमांत दोन लाख तीस हजार व्होल्टसाठी हे अंतर पाच फूट, पाच लाखांसाठी अकरा फूट व सात लाख पासष्ट हजारांसाठी पंधरा फूट दिलेले आहे. दाब असा वाढत गेला, की दांड्याही लांब व जड होतात आणि पंधरा फुटांवरून कॉटर पिन काढणे हे हातांच्या कसबापलीकडचे होऊन बसते.

येथे जुने विज्ञान कामास आले. १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे ह्याने बारा फूट बाजूंचा एक पिंजरा उभारला, त्यास धातूचे आवरण घातले व स्वतः आत जाऊन बसला. बाहेरून प्रचंड विद्युत्भार दिला असताही आत त्यास काही जाणवले नाही. तारेवर बसलेली साळुंकी सुखरूप असते तीही ह्याच तत्त्वाने : तिच्या दोन्ही पायांमध्ये दाबाचा फरक नसतो. ह्या गोष्टी ठाऊक असूनही माणसास साळुंकीप्रमाणे तारेजवळ नेण्यास सव्वाशे वर्षे लागली. १९६० मध्ये हॅरॉल्ड रॉर्डन ह्या अमेरिकन अभियंत्याने तसा प्रयोग घडवून आणला. मनुष्यास काचतंतूच्या निसणीवर किंवा पाळण्यात बसवून जमिनीपासून पूर्णपणे तोडावयाचे आणि तारेशी जोडून टाकावयाचे, ही ती रीत. पोलादाचे सूक्ष्म तंतू विणलेला पोषाख, तसेच हातमोजे, मोजे व शिरस्त्राण चढवून तो तारेजवळ येतो. हातातील दांडीचे टोक पुढे करताच एक ठिणगी कडाडते आणि त्यानंतर मनुष्य व तार एकाच दाबावर येतात. मग तो उघड्या हाताप्रमाणे माळ हाताळू शकतो. मात्र ज्या क्षणी तो तारेचा झाला, त्या क्षणी मनोरा त्याचा वैरी झाला. एरवी जे पोलाद त्यास आधार देते त्यास स्पर्श करणे आता मरण होय.

आपल्या देशात ही विद्या पद्धतशीर शिकविण्यासाठी १९७४ मध्ये बंगलोरनजीक सोमनहळ्ळी येथे हॉटलाईन प्रशिक्षण केंद्र निघाले आणि निरनिराळ्या प्रांतांच्या विद्युत मंडळांची माणसे तेथे शिकून गेली. कायदा त्यापूर्वीचाच होता. १९५६ च्या विद्युत नियमांत, ज्यास त्या कामाचा अधिकार दिलेला आहे आणि जो निरीक्षकाने मान्य केलेली खबरदारी घेतो त्याच्याखेरीज कोणीही जिवंत तारेवर काम करू नये, अशी स्पष्ट अट घातली होती. नंतरच्या विनियमांतही हे तत्त्व कायम राहिले. २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन मोठ्या वाहिन्या महापारेषण कंपनीकडे आल्या, तेव्हा हॉटलाईनचे कामही तिच्याकडे गेले.

येथे एक विसंगती डोळ्यांत भरते. चार लाख व्होल्टच्या मनोऱ्यावर चढणाऱ्यास महिनोन्‌महिने शिक्षण, पारखलेल्या दांड्या आणि खाली उभा असलेला प्रमुख, एवढा सरंजाम मिळतो. उलट यावल-रावेरकडे रात्रीच्या पाळीत केळीला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याची वीज गेली, तर अंधारात अकरा हजार व्होल्टच्या खांबावर चढणारा वायरमन बहुधा एकटा असतो, आणि तार बंद आहे हे त्यास कोणी तरी फोनवर सांगितलेले असते. लहान दाबाची तार कमी घातक, असा एक भ्रम लोकांत आहे. मनुष्यदेहापुरता तो फरक जवळजवळ शून्य आहे. मोठ्या वाहिनीवर जी शिस्त सापडली ती लहान खांबापर्यंत पोहोचविण्यास दांड्या व गणित ह्यांचा तुटवडा नाही. माणसे व वेळ ह्यांचा आहे, आणि तो तुटवडा पैशाने भरून येण्यासारखा आहे.

अलीकडे चिनीमातीच्या माळेची जागा रबरासारख्या द्रव्याच्या एकसंध दांड्याने घेण्यास आरंभ झाला आहे. उत्तरेकडे हिवाळी धुक्यात वाहिन्या वारंवार तुटू लागल्यावर ह्या बदलास जोर आला. कारण ह्या दांड्यावर पाण्याचा थर धरत नाही, थेंब होऊन ओघळतात. वजनही चिनीमातीच्या माळेच्या एका लहानशा अंशाइतकेच. पण त्यात थाळ्या नाहीत, म्हणून काटे टेकवून गुणगुणाट ऐकण्याची सोयही राहिली नाही. आतील काचतंतूची कांडी ओल शिरून कुजली, तर बाहेरून तिचा मागमूस लागत नाही आणि एखाद्या दिवशी ती मोडून तार खाली येते. म्हणून असा संशयित दांडा बदलताना, तो ओझे पेलत आहे असे क्षणभरही न समजता, दुसऱ्या दांड्यांनी तार आधी धरून ठेवावी आणि मगच त्याच्याजवळ जावे, अशी रीत पडली आहे.